सातबारा नसलेलं जाळं

मा. सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग,
मंत्रालय, मुंबई यांस



"सर्व्हर डाउन आहे, उद्या या."

तालुक्याच्या गावी दाखल्यासाठी खिडकीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. ज्या आजीबाईंनी आयुष्यात संगणकाला हात लावला नाही, त्यांनाही 'सर्व्हर' आणि 'डाउन' हे दोन शब्द ठाऊक असतात. माझी हयात ज्या धंद्यात गेली त्याच्यावरचा हा ठपका आहे, आणि तो भलत्याच्याच माथी मारलेला आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मी स्वतः जेवढ्या तक्रारींचा माग काढला, त्यांतल्या बहुतेकींत सर्व्हर ठणठणीत होता. थंडगार खोलीत दिवे लुकलुकवत, कुणी काम देतंय का याची वाट बघत बसलेला. अडलेली असायची ती त्याच्यापर्यंतची वाट.

मी नेटवर्कचा माणूस. क्रिम्पिंगची पक्कड हातात घेऊन केबल ओढण्यापासून सुरुवात केली आणि नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांमध्ये घासून घासून निवृत्त झालो. आपल्या राज्याने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं, तेव्हा आम्हा मंडळींना आनंद झाला होता. देशात असं धोरण आणणारं हे पहिलं राज्य. त्याआधी केंद्राचा 'मेघराज' हा सरकारी क्लाउडचा उपक्रम आला होता. क्लाउड म्हणजे सात समुद्रांपलीकडचं काहीतरी, हा समजही तोवर जुना झाला होता: मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रं उघडली होती. म्हणजे ढग आपल्या डोक्यावरच होता. प्रश्न होता तो पन्हाळीचा.

आणि तो अजून आहे. सरकारी असोत की खासगी, मी आजवर ज्या निविदा चाळल्या, त्यांत सर्व्हरचे कोअर, स्टोरेजचे टेराबाइट, यूपीएसची बॅटरी यांवर पानंच्या पानं असतात. नेटवर्कच्या वाट्याला यायचा एक तक्ता: इतके स्विच, इतके राउटर, दोन फायरवॉल, पाच वर्षांचा देखभालीचा करार. रस्त्याच्या निविदेत फक्त खडीचा भाव लिहावा आणि रस्ता कुठून कुठे जाणार, त्याची डागडुजी कोण आणि कशी करणार हे राहून जावं, तसं.

याचा परिणाम कसा होतो ते सांगतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका दणकट सर्व्हरच्या पोटात मांडलेला आभासी सर्व्हर, आज पाच मिनिटांत उभा राहतो. मागणी नोंदवा, चहा घेऊन या, तयार. पण त्या मशीनपर्यंत फायरवॉलमधून एक पोर्ट उघडून हवं असेल, तर अर्ज, अर्जावर सही, सहीवर शेरा, मग बदलांसाठी राखलेली शनिवारी रात्रीची चेंज विंडो, आणि मग एक डोळे चोळणारा पोरगा काळ्या पडद्यावर एकेक ओळ हाताने टाइप करणार. पाच मिनिटांचा सर्व्हर आणि पंधरा दिवसांची वाट. क्लाउडचे पैसे मात्र पहिल्या मिनिटापासून लागू.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. २००३ च्या सुमारास व्हीएमवेअर या कंपनीने चालतं मशीन न थांबवता एका लोखंडी खोक्यातून दुसऱ्यात हलवायची युक्ती बाजारात आणली. सर्व्हरवाले खूश झाले. आमच्या मात्र पोटात गोळा आला. कारण मशीनचा पत्ता त्याच्या व्हीलॅनला, म्हणजे जाळ्यातल्या आभासी कप्प्याला, बांधलेला, आणि मशीन जिथे जाईल तिथे तो व्हीलॅन ताणत न्यावा लागे. सगळ्या स्विचांवर एकच व्हीलॅन पसरला की कुठेतरी लूप लागण्याची भीती. लूप लागला की एकच पॅकेट गरागरा फिरत राहतं आणि काही सेकंदांत अख्खी इमारत आंधळी होते. त्यावरचा उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेली ही रीत फार हुशार आहे, पण ती लूप टाळते ती जादा वाटा बंद करून. म्हणजे दोन तारांचे पैसे मोजायचे आणि एकीवर कुलूप लावून ठेवायचं. शिवाय व्हीलॅनचा क्रमांक बारा बिटांचा, म्हणून वापरण्याजोगे व्हीलॅन ४०९४. एका कार्यालयाला ते जन्मभर पुरतील. शेकडो भाडेकरूंच्या क्लाउडला कसे पुरणार?

या पेचातून वाट निघाली ती दोन टोकांकडून. खालचं टोक जुनं आहे. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लोस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जी मांडणी कागदावर आणली होती, तीच डेटा सेंटरांनी उचलली: खाली लीफ स्विचांची रांग, वर स्पाइन स्विचांची, आणि प्रत्येक लीफपासून प्रत्येक स्पाइनला तार. कुठलीही वाट बंद नाही, सगळ्या चालू. एक स्पाइन गेला तरी बाकीचे ओझं वाटून घेतात. वरचं टोक नवं. त्या लोखंडी जाळ्यावर एक आभासी जाळं पसरायचं. व्हीएक्सलॅन नावाची ही पद्धत २०१४ मध्ये कागदोपत्री आली आणि तिने व्हीलॅनच्या बारा बिटांच्या जागी चोवीस बिट दिले, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त वेगवेगळी आभासी जाळी. युक्ती तीच, जी आमच्या लहानपणी गावाकडे पत्र पाठवताना करत असत. बहिणीचं पत्र बंद पाकिटात, आणि ते पाकीट मामाच्या नावाच्या मोठ्या पाकिटात. पोस्टमनला मामाचा पत्ता पुरे. आतलं पाकीट कुणाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मधल्या काळात, २००८ च्या आसपास, स्टॅनफर्डमधल्या मंडळींनी ओपनफ्लो काढलं. स्विचची अक्कल स्विचमधून काढून एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरला द्यायची, ही कल्पना. चार वर्षांत त्याच गटातून निघालेली निसिरा ही चिमुकली कंपनी व्हीएमवेअरने १२६ कोटी डॉलरला घेतली, आणि आमच्या कँटीनमध्ये दोन महिने एकच चर्चा होती की आता स्विच विकणाऱ्यांचं कसं होणार. काही झालं नाही त्यांचं. दुकानं चालू आहेत. फरक एवढाच पडला की स्विचशी माणसाऐवजी यंत्राने बोलावं, हे सगळ्यांनी मान्य केलं.

आता पाकिटात पाकीट घातलं की वजन वाढतं. व्हीएक्सलॅनमध्ये ते ५० बाइटने वाढतं. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात सापडेल. ती मला पुस्तकातून नाही समजली, आणि हीच कहाणी आपल्यापुढे ठेवायची म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

एका मोठ्या संस्थेत, नाव कशाला, आम्ही अशीच नवी मांडणी उभी केली होती. चार स्पाइन, वीसेक लीफ. छान चाललं होतं. एका सोमवारी सकाळी फोन सुरू झाले. तक्रार विचित्र. लॉगिन होतं, पान उघडतं, पण स्कॅन केलेलं कागदपत्र वर चढवायला गेलं की चक्र फिरत राहतं. बरं, सगळ्यांचं असंही नाही. एका टेबलावर अडायचं, शेजारच्या टेबलावर सुरळीत. आणि अडलेल्यानेच दोनदा-तीनदा प्रयत्न केला की कधीतरी जायचंही. पिंग, म्हणजे सर्व्हरला 'आहेस का?' अशी हाक, लावला तर उत्तर टुणकन येतंय. सर्व्हरवाले म्हणाले, आमच्याकडे सगळं हिरवं आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, आम्ही कोडला हात लावलेला नाही. आणि खिडकीवरचा माणूस बाहेरच्या रांगेला काय म्हणाला असेल, ते आपण ओळखलंच असेल.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पिंगचा आकार मुद्दाम वाढवून, तुकडे न पाडण्याची अट घालून पाठवून पाहिला. लहान पॅकेट सगळी पार. मोठ्यांपैकी साधारण चारातलं एक गडप. चारातलं एक म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात घंटा वाजली: स्पाइन चार. एकेका स्पाइनची झडती घेतली तेव्हा दिसलं की रविवारी पहाटे एक स्पाइन जळाला होता आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने गोदामातला राखीव स्विच तिथे बसवला होता. नियमाप्रमाणे, शेवटचं बॅकअप कॉन्फिग, म्हणजे स्विचच्या सेटिंगांचा जपून ठेवलेला मजकूर, त्यात भरून. त्या कॉन्फिगमध्ये पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइटची होती. आतलं पत्र १५००, वरच्या पाकिटाचे ५०; एकूण १५५० बाइटचा मजकूर त्या दारातून जाईना. आणि असा स्विच मोठं पॅकेट निमूटपणे टाकून देतो, कुणाला कळवत नाही. लॉगिनचं पान लहान म्हणून जायचं. ज्याची जोडणी उरलेल्या तीन स्पाइनवरून जाई, त्याचं मोठंही जायचं.

मग त्या मूळ स्पाइनवर मर्यादा वाढवलेली कशी होती? अकरा महिन्यांपूर्वी, उद्घाटनाच्या आदल्या रात्री, कुणीतरी चारही स्पाइनवर हाताने ती ओळ टाइप केली होती. बॅकअप घ्यायचं राहून गेलं. वहीत लिहायचं राहून गेलं. तो 'कुणीतरी' मी होतो.

तंत्रज्ञाने काहीच चूक केली नव्हती. त्याच्या हातातला कागद खोटा होता.

महोदय, आपल्या राज्याला जमिनीचा कागद कळतो. सातबारावर एक अक्षर बदलायचं तर आधी फेरफार लागतो. गाव नमुना सहामध्ये तलाठी नोंद धरतो, चावडीवर नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि नोंद प्रमाणित करायला दुसरा माणूस, मंडळ अधिकारी लागतो. या पद्धतीत वेळ जातो, चिरीमिरी होते, हे सगळं मान्य. पण तिच्या मुळाशी जो विचार आहे तो खणखणीत आहे: आजची स्थिती एका कागदावर, ती स्थिती कशी आली याचा क्रम दुसऱ्या कागदावर, आणि नोंद करणारा व पक्की करणारा एकच माणूस नाही. शेतकऱ्याच्या वीस गुंठ्यांसाठी आपण एवढी काळजी घेतो. ज्या जाळ्यावरून तो सातबारा डाउनलोड होतो, त्या जाळ्याला ना सातबारा आहे ना फेरफार. प्रत्येक स्विचच्या पोटात त्याचं त्याचं सत्य, आणि ते कधी, कोणी, का बदललं याचा पत्ता नाही. कागद एक सांगतो, वहिवाट दुसरीच. वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री कुणी ना कुणी थोडा थोडा बांध कोरत आलेला.

नेटवर्क ऑटोमेशन म्हणून जे विकायला येतात, ते रंगीत डॅशबोर्ड घेऊन येतात. माझ्या मते ऑटोमेशनची सुरुवात याहून फार रुक्ष आहे. जाळ्याची जी स्थिती असायला हवी, ती साध्या मजकुराच्या फायलींमध्ये लिहून काढायची. कोणता स्विच, कोणतं पोर्ट, कोणता पत्ता, कोणाला कुठे जायची मुभा. या फायली गिटसारख्या नोंदवहीत ठेवायच्या. बदल हवा असेल तर स्विचवर जायचं नाही, फायलीत बदल सुचवायचा. दुसऱ्याने तो वाचायचा, हरकत घ्यायची किंवा मान्य करायचा. मग यंत्राने तो सगळ्या स्विचांवर एकसारखा उतरवायचा. कोणी, केव्हा, कशासाठी, हे आपोआप नोंदलं जातं. इथे पंधरा दिवस लागत नाहीत, पंधरा मिनिटं पुरतात, पण फेरफाराचा क्रम तोच. आणि रोज पहाटे यंत्राने सगळ्या शिवाराची मोजणी करायची: कागद आणि वहिवाट जुळते का? न जुळणारी प्रत्येक ओळ सकाळी टेबलावर. गोदामातला नवा स्विच तार लावताच आपलं कॉन्फिग स्वतः या वहीतून ओढून घेतो. अशी वही असती तर त्या रविवारी काहीही झालं नसतं आणि माझी चूक माझ्यापाशीच राहिली असती.

ही मागणी आमच्यासारख्या हमालांची जुनीच आहे. २००२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी जाळी चालवणाऱ्यांना एकत्र बसवून विचारलं होतं की तुम्हाला नेमकं काय हवं. उत्तरं साधी होती: कॉन्फिग मजकुराच्या रूपात वाचता यावं, ते आकडेवारीपासून वेगळं काढता यावं, एकेका खोक्याऐवजी अख्खं जाळं एकदम मांडता यावं, आणि चुकलं तर मागे जाता यावं. त्यातून स्विचशी यंत्राने बोलायची नेटकॉन्फ ही रीत आली, मग कॉन्फिगचा आराखडा मांडायची यांग ही भाषा आली. ही साधनं येऊन पंधरा-वीस वर्षं झाली. खरेदीच्या वेळी ती मागायची मात्र सवय लागली नाही.

इथे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही डॅशबोर्डवाल्यांच्या पंगतीत बसेन. हाताने चुकणारा माणूस एका वेळी एका स्विचवर चुकतो. यंत्र चुकलं तर सगळीकडे एकदम चुकतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगातून नाहीसे झाले, ते आठवत असेल. नेहमीच्या देखभालीत एक आज्ञा दिली गेली आणि तिने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच उतरवला. अशा आज्ञा अडवायला तपासणीचं सॉफ्टवेअर होतं, पण त्यातच दोष निघाला. मग त्यांच्या नाव-पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी आपण तुटलो असं समजून जगाला दिलेले मार्ग स्वतःच मागे घेतले. सर्व्हर इथेही चालूच होते, बरं का. वाट गेली होती. दुरून दुरुस्ती करायची तर तेच जाळं हवं, आणि प्रत्यक्ष जाऊन करायची तर बंदोबस्त एवढा कडक की आत शिरून यंत्राला हात लावण्यातच बराच वेळ गेला.

कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं तेव्हा सव्वा कोटीच्या घरात ग्राहक तुटले, कार्डाने पैसे देणं अडलं, तातडीचे फोन अडले. कारण काय, तर राउटरवरची एक गाळणी काढली गेली आणि मार्गांचा लोंढा मध्यवर्ती राउटरांवर आदळला. यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळी आहे. ते काम सात टप्प्यांचं होतं. सुरुवातीला त्याची जोखीम 'जास्त' धरली होती. आधीचे टप्पे सुखरूप पार पडले म्हणून त्यांच्याच गणिती पद्धतीने सहाव्या टप्प्याची जोखीम 'कमी' ठरवली, आणि घात झाला तो त्याच टप्प्यात. पाच वेळा घाट उतरलो म्हणून सहाव्यांदा ब्रेक न तपासण्यासारखं. आणि इथेही, दुरुस्तीसाठी आत जायचं दार त्याच कोसळलेल्या जाळ्यावर टांगलेलं होतं.

ॲमेझॉनचं २०११ चं प्रकरण आता जुनं झालं. एप्रिलच्या २१ तारखेला अमेरिकेच्या पूर्वेकडच्या केंद्रात जाळ्याची क्षमता वाढवताना वाहतूक चुकून लहान वाटेवर वळवली गेली आणि साठवणुकीची यंत्रणा गुदमरली. हायवेचा ट्रॅफिक गल्लीत सोडला. यापलीकडे त्यावर लिहीत नाही.

यातून आपल्यासाठी काय निघतं? माझी पहिली विनंती त्या मागच्या दाराची. जाळं दुरुस्त करायला जाळ्यावर अवलंबून नसलेली एक साधी, स्वस्त, वेगळी वाट प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी हवी. एखादं फोरजी सिम टाकलेलं कन्सोल राउटरही चालेल. निविदेतली ही सगळ्यात लहान रक्कम असते आणि भाव कमी करताना सगळ्यात आधी तीच कापली जाते.

दुसरी गोष्ट तालमीची. व्हर्च्युअलायझेशनचे गोडवे गाताना लोक सर्व्हरच्या संख्येबद्दल बोलतात. मला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो रंगीत तालमीचा. आज बहुतेक स्विचांची सॉफ्टवेअर-प्रत मिळते. एका जिल्ह्याचं अख्खं जाळं, आहे त्या कॉन्फिगसकट, एका बऱ्यापैकी सर्व्हरच्या पोटात उभं करता येतं. बदल आधी तिथे करा, एक तार तोडा, एक स्पाइन बंद करा, बघा काय होतं ते. आमच्या काळी तालीम नव्हती, सरळ प्रयोगच व्हायचा, आणि प्रेक्षक म्हणजे खिडकीबाहेरची रांग. मात्र तालमीतही सगळं कळत नाही. पॅकेट टाकून देणारा खरा लोखंडी स्विच आणि त्याची सॉफ्टवेअर-प्रत यांचे स्वभाव वेगळे असतात. म्हणून पहिला प्रयोग लहान गावी लावावा. एका तालुक्यात बदल उतरवायचा, दोन दिवस थांबायचं, मग जिल्हा.

तिसरी गोष्ट कोणत्याच सादरीकरणात येत नाही, कारण तिच्यात विकण्यासारखं काही नाही. पत्त्यांची. अंतर्गत जाळ्यासाठी राखून ठेवलेले पत्ते कुणीही वापरावेत अशी सोय १९९० च्या दशकापासून आहे, आणि जो तो १९२.१६८.१ पासून सुरुवात करतो, कारण डबा उघडल्यावर तोच लिहिलेला असतो. कार्यालयं एकमेकांपासून तुटलेली होती तोवर हे खपून गेलं. क्लाउडमध्ये सगळे एका छताखाली आले की दोन घरांना एकच क्रमांक निघतो, आणि मग पत्त्यांवर पत्ते चिकटवण्याचे असे खेळ सुरू होतात की सहा महिन्यांनी ते करणाऱ्यालाही उमगत नाहीत. क्लाउडमध्ये गेलं की नेटवर्कची कटकट संपते, असं आपल्याला कुणी सांगितलं असेल तर त्याने हा घोळ निस्तरलेला नाही. राज्याची एक पत्ता-योजना हवी: विभाग, जिल्हा, तालुका, कार्यालय, आणि पुढच्या वीस वर्षांसाठी सोडलेली मोकळी जागा. चार जाणती माणसं, एक फळा आणि दोन महिने. खर्च जवळजवळ शून्य. आणि ही योजना नसेल तर ऑटोमेशन म्हणजे गोंधळाची वेगवान प्रत काढणं होय.

रस्ता खोदताना तार तोडणाऱ्या जेसीबीबद्दलही दोन ओळी लिहितो. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणजे जाळं सुरक्षित झालं, असं कागदावर दिसतं. पुष्कळदा त्या दोन्ही एकाच चरातून गेलेल्या असतात. एका तारेचे दहा आभासी भाग करा, वर शंभर जाळी पसरा, जेसीबीच्या फावड्याला ती एकच तार दिसते. म्हणून लाइन घेताना मार्गाचा नकाशा मागा आणि दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघा. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करत नाही.

निविदेत काय असावं, याबद्दल मी आपल्याला शिकवणं शोभणार नाही. तरी एक कलम सुचवतो, कारण ते नसल्याने झालेली ससेहोलपट मी जवळून पाहिली आहे. जाळ्याच्या त्या मजकूर-फायली, त्यांचा सगळा फेरफार-इतिहास आणि त्या उतरवणाऱ्या स्क्रिप्ट, या पहिल्या दिवसापासून शासनाच्या मालकीच्या, शासनाच्या जागी ठेवलेल्या हव्यात. कंत्राटदार बदलला की पेट्या राहतात आणि ज्ञान निघून जातं. नवा माणूस येतो, प्रत्येक स्विचमध्ये डोकावून अंदाज बांधतो आणि हात लावायला घाबरतो. म्हणून कुणीच हात लावत नाही. दहा-दहा वर्षं जुने फायरवॉलचे नियम तसेच पडून असतात, कारण काढला तर काय बंद पडेल हे सांगणारं कुणी नसतं. सर्वांत कमी दराला काम देण्याला माझा विरोध नाही. दर कशाचा मागितला, एवढंच विचारतो. पेट्यांचा दर मागितला तर पेट्या मिळतील. 'एक बदल, तपासणीसह, तासाभरात, आणि चुकल्यास पाच मिनिटांत मागे' याचा दर मागून बघा, बोली लावणारे वेगळे येतील.

आणि माणसं. ती पॅकेटचा आकार वाढवून बघणारी मुलगी पॉलिटेक्निकची होती. तिला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आम्ही शिकवली नाही, ती कुठूनतरी शिकून आली होती, आणि तिच्या कामाच्या वर्णनात पायथॉन नव्हतं म्हणून तिला ते वापरायला लपूनछपून वेळ काढावा लागे. जिल्ह्याजिल्ह्यांत अशी पोरं आहेत. केबल तपासणाऱ्या हाताला फाइल लिहायला शिकवणं अवघड नाही, मी स्वतः पन्नाशीत शिकलो. पण 'नेटवर्क अभियंता' या पदाखाली आजही जर तारा मोजणं एवढंच लिहिलेलं असेल, तर ती शिकूनही तारा मोजत बसतील, किंवा पुण्याला निघून जातील.

एवढं सगळं एकदम करा असं माझं म्हणणं नाही. एक जिल्हा निवडा. कोकणातला निवडलात तर उत्तम, तिथल्या पावसात जाळ्याचा खरा स्वभाव कळतो. पहिले सहा महिने एकही नवी पेटी घेऊ नका. फक्त मोजणी करा. प्रत्येक तालुक्यातला प्रत्येक स्विच, त्याच्या पोटातलं कॉन्फिग, त्याच्या मागची तार कुठे जाते, कुठलं पोर्ट रिकामं, कुठलं उगाच चालू. कपाटावर ठेवलेला, पंख्याचा आवाज येतो म्हणून कुणीतरी रात्री बंद करून जातो तो स्विचही. सगळं एका वहीत. सहा महिन्यांनी ती वही आपल्या टेबलावर येईल, तेव्हा क्लाउडला काय हवं आणि काय नको, याचा निम्मा निर्णय तिथेच झालेला असेल.

पहिल्या तालुक्याच्या मोजणीला बोलावलंत तर मी येईन. मानधन नको. डोळे थोडे मंद झालेत, पण पक्कड अजून जवळ आहे आणि माझ्या हाताने टोचलेली जोडणी सहसा सुटत नाही. फक्त रॅकच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते आधी शोधून ठेवायला सांगा. पुष्कळ ठिकाणी अर्धा दिवस त्यातच जातो.

कळावे,

आपला,
एक निवृत्त नेटवर्क अभियंता
डोंबिवली